कंदुरी कवा करतोस?

नांदेड-लातूरकडे घरात चांगली बातमी आली की पेढ्याच्या आधी एक प्रश्न येतो. पोरगं पोलीस भरतीत निघालं, बोअरला पाणी लागलं, पॅनल निवडून आलं, सोयाबीनला बरा भाव मिळाला की पारावरचा कुणीतरी विचारणारच, "मग कंदुरी कवा करतोस?" विचारणाऱ्याच्या मनात पीर असेलच असं नाही, नवसही असेल असं नाही. एक बोकड, एक मोठी देग, शेतातली मोकळी जागा, हाकेला ओ देतील तेवढी माणसं आणि रात्र चढेपर्यंत गप्पा, एवढं त्याला पुरतं. शिकायला शहरात गेलेली आमची पोरं भाड्याच्या खोलीवर दोन किलो चिकन शिजवतात आणि त्यालाही कंदुरीच म्हणतात.

या शब्दावर माझा जीव आहे. तो आमच्याकडे आला कुठून, कुणी आणला, कुणाकुणाच्या हातून गेला, हे मी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत आलो. आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, चौथीपर्यंतचं शिक्षण निजामाच्या शाळेत उर्दूतून झालेलं. इसवी सनापेक्षा फसली साल त्यांना जवळचं वाटायचं. कंदुरी हा शब्द फारसी आहे हे मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं, आणि पुढे कोश उघडून पाहिले तर ते खरं निघालं. फारसीत कंदूरी म्हणजे जेवणासाठी अंथरायचा दस्तरखान, कातड्याचा किंवा कापडाचा. बोकड नाही, मसाला नाही, नवस नाही. अंथरलेलं कापड, ज्याच्या भोवती माणसं बसतात.

हे कापड दख्खनमध्ये आलं ते बहमनींच्या काळात सूफींच्या आणि शिपायांच्या सोबतीनं आलं असणार, असं मला वाटतं. 1347 मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं, पुढे त्याची राजधानी बीदरला गेली, आणि बीदर आमच्या उदगीरपासून हाकेच्या अंतरावर. कंधारला किल्ला आहे तसाच हाजी सय्याह सरवरे मगदूम यांचा मोठा दर्गा आहे. माहूरच्या डोंगरावर रेणुकामाता आहे आणि त्याच डोंगरात शेख फरीदचं ठाणंही आहे. असल्या मुलखात दरबाराची भाषा लोकांच्या चुलीपर्यंत यायला कितीसा वेळ लागणार?

पण चुलीपाशी येताना ती आधी बायकांच्या हाती लागली. हे आबांना माहीत नव्हतं. ते सांगितलं मोठ्या मायनं, आबांच्या थोरल्या भावजयीनं. ती लग्न होऊन गावात आली तेव्हा शेजारच्या मुलाण्याच्या घरी वर्षातून एकदा बीबीची कंदुरी व्हायची. बीबी म्हणजे पैगंबरांची लेक फातिमा. त्या दिवशी घरातले सगळे पुरुष बाहेर. दार लावलेलं. कोऱ्या मातीच्या ताटल्यांत गोड भात वाढलेला, आणि त्या ताटाकडे पुरुषाची नजरही जाऊ द्यायची नाही. उत्तरेत यालाच 'बीबी की सहनक' म्हणतात; सहनक म्हणजे मातीची ताटली. पापभीरू, घरंदाज बायकांनीच त्या ताटाला बसायचं असा दंडक. मोठी माय माळकरी, मटणाच्या वाऱ्याला उभी न राहणारी. पण बीबीच्या कंदुरीला मुलाणीण तिला बोलवायची आणि ती जायची. "गोड भात व्हता, बायकाच बायका व्हत्या, आन दाराला कडी. सासुरवाशिणीला आनखी काय लागतंय?" असं ती म्हणायची. आम्ही नातवंडं हसायचो. आज तिचं ते वाक्य आठवलं की हसू येत नाही. सासू-सासऱ्यांच्या नजरेतून सुटका मिळालेला तिचा वर्षातला तो एक दिवस होता.

तर ज्या जेवणात पुरुषाला डोकावायलाही बंदी होती, त्याचं नाव पुढे अशा जेवणाला मिळालं जिथं शिजवणारेही पुरुष, वाढणारेही पुरुष आणि बायका घरी. हे कसं घडलं ते सांगणारा कागद माझ्या हाती लागलेला नाही, पण सांधा कुठे असावा ते दिसतं. बीबीच्या नावानं ताट, तसं पिराच्या नावानं ताट. पिराला नवस बोलायचा तर शेतकऱ्याच्या घरी देण्याजोगं काय असतं? दावणीचं बोकड. मूल होऊ दे, बैल उठू दे, कोर्टातला निकाल लागू दे, तुझी कंदुरी करीन. बोकड पिराच्या नावानं सोडायचं, वर्षभर वाढवायचं, आणि नवस फिटला की पिरापुढे न्यायचं. पुढे हे बोकड एकट्या पिराचं राहिलं नाही. मरीआईची कंदुरी, म्हसोबाची कंदुरी, शेतातल्या आसरांची कंदुरी. देव कुठलाही असो, शब्द तोच.

आमच्या गावची कंदुरी मन्याडच्या काठी, चिंचेच्या झाडाखाली व्हायची. मी पाहिलेली चांगली आठवते ती थोरल्या काकांच्या पोराचं मोडलेलं हाड नीट जुळल्यावर केलेली. सकाळी बोकडाला हळद-कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. मुजावरानं फातेहा दिली, मलिद्याचा निवद झाला, शेरणी म्हणून गुळाचे खडे वाटले. मग मुलाणीचाचांनी सुरी हाती घेतली. गावगाड्यात हा मान मुलाण्याचा, त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा नाही. बोकड हलाल करण्याबद्दल मुंडी आणि कातडं त्याचं, सुगीत खळ्यावरचं धान्यही त्याचं.

देग मांडायची ती तीन मोठ्या धोंड्यांवर, चुलीचं तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला. पहिल्यांदा कांदा, लसूण, आलं, आणि घरून आणलेलं काळं तिखट. मटण पाणी सोडीपर्यंत झाकणावर पाणी ठेवून वाफेवर परतायचं, आणि तेच गरम झालेलं पाणी आत ओतायचं. गार पाण्याचा थेंब पडला तर चाचा पळीनं मारायला उठायचे. सगळ्यात शेवटी येसर. धान्य आणि डाळी भाजून, त्यात धणे, खोबरं, खडा मसाला घालून केलेलं हे पीठ लग्नाच्या आमटीतही पडतं, पण कंदुरीच्या रश्शाला जी दाट, खमंग चव येते ती येसरानं. चाचा ते मुठीनं टाकायचे, चिमटीनं नाही. पीठ रश्शात विरघळलं की वर तर्री यायची. ज्वारीच्या भाकरी घरोघरून चवडीनं यायच्या. कुणाच्या घरच्या भाकरी पातळ, कुणाच्या जाड, हे वाढता वाढता बाप्ये मोठ्यानं बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी गावभर व्हायचं.

दोन नियम फार कडक होते. एक, आलेल्याला परत धाडायचं नाही. रस्त्यानं जाणारा गाडीवान असला तरी हाक मारून बसवायचा. दुसरा, इथलं अन्न घरी न्यायचं नाही. उरलं तर काठावर खड्डा करून पुरायचं, पण डब्यात भरायचं नाही. लहान असताना मला हा दुसरा नियम निर्दयी वाटायचा, कारण घरी आई आणि काकू वाट पाहत नुसतं पिठलं खात असायच्या. आबांचं उत्तर असायचं की घरी नेता येत नाही म्हणूनच माणूस गावाला बोलावतो. नेता आलं असतं तर ज्यानं त्यानं आपापल्या घरात बसून खाल्लं असतं. आईला ते उत्तर कधी पटलं नाही, आणि मलाही पूर्ण पटलेलं नाही.

आणि 'आलेल्याला परत धाडायचं नाही' याचा अर्थ सगळे एका पंगतीला, असा कुणी घेऊ नये. आबांनी हे स्वतःहून सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा सांगितलं. मराठे, मुसलमान, माळी, धनगर यांच्या पंगती जवळजवळ. दलितवस्तीतली माणसं लांब, उतारावर, सगळ्यांच्या शेवटी, आणि लाकडं फोडण्यापासून देग घासण्यापर्यंतची कामं मात्र त्यांच्याकडे. कापड अंथरलं होतं, पण ते सगळ्यांपर्यंत पोचत नव्हतं. आमच्या बालपणी ती उतारावरची पंगत हळूहळू वर सरकली. ती आपोआप सरकली नाही. त्या वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी एका वर्षी जेवायला यायचंच नाकारलं, तेव्हा सरकली.

आता ती गोष्ट, जी आबा वर्षातून एकदा तरी सांगायचे. हैदराबाद संस्थानात रझाकारांचा जोर वाढला, आणि त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा तर लातूरला वकिली करणारा. गावातली तरणी पोरं निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेली, कंदुरी बंद पडली. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा शिरल्या, 17 ला निजामानं शरणागती पत्करली. त्या दिवसाला आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणतो, झेंडा लावतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यानंतरच्या दिवसांत गावोगावच्या गरीब मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं सगळ्यात जास्त झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत नांदेड होता आणि उस्मानाबादही होता. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच, वेगळा जिल्हा झाला तो 1982 मध्ये. आमच्या मुलाणीचाचांचे वडील, त्यांना आबा 'बडे चाचा' म्हणत, बायकापोरांसह आमच्या कडब्याच्या गंजीमागं दडून राहिले. मोठी माय रात्री भाकरी द्यायची. मग अंधारातच ते कुटुंब नातलगांकडे हैदराबादला निघून गेलं.

पुढच्या साली पाऊस बरा झाला, कॅम्पातली पोरं धडधाकट परत आलेली. नवसाची बोकडं दारोदार बांधलेली. पारावर कंदुरीचा विषय निघाला आणि तिथंच अडला. सुरी कोण धरणार? कुणी म्हणालं, आपणच कापू, त्यात काय आहे. तेव्हा आमच्या पणजोबांनी सांगितलं, "कापा की. पन ते बोकड कापनं झालं, कंदुरी न्हाई." आबा आणि गावातला आणखी एक जण नांदेडला जाऊन हैदराबादच्या गाडीत बसले. तिथं दोन दिवस शोध घेतल्यावर बडे चाचा सापडले. यायला तयार नव्हते. कसे असतील? आबांनी आपल्या लेकराची आण घेतली, तेव्हा निघाले. निजामाबाद गेलं, बासर गेलं, धर्माबाद गेलं, माणूस एक शब्द बोलला नाही. उमरीच्या स्टेशनावर गाडी थांबली, आबांनी चहाचा कप हातात दिला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "देग किसके पास है?"

देग आमच्याच घरी होती. मोठ्या मायनं, त्या माळकरी बाईनं, ती मागच्या खोलीत उतरंडीआड ठेवली होती.

हे सांगताना आबांचा आवाज कधी हलायचा नाही. ते जणू बाजारातून बैल आणल्याची हकिगत सांगावी तसं सांगायचे. पण 'देग किसके पास है' हे वाक्य मात्र हुबेहूब बडे चाचांच्या दखनी सुरात म्हणायचे.

दुष्काळ पडला तेव्हाही कंदुरी थांबली. 1972 ला लोक खडी फोडायला गेले, सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढले. बोकडं कधीच बाजारात गेली होती. नवस मात्र साचत गेले, आणि पाऊस परतल्यावर एकामागून एक फिटत राहिले.

याच गावगाड्यातला दुसरा एक शब्द आहे, त्याची कहाणी कंदुरीच्या उलट गेली. हैदोस. आज हैदोस म्हणजे नुसता दंगा. पण तो मोहरमातून आला. आमच्याकडे मोहरमात सवाऱ्या उठत, अलाव्याच्या खड्ड्यात रात्री जाळ होई, नवसाचे फकीर होण्यात हिंदू घरची पोरंही असत. जाळाभोवती फेर धरून नाचताना कर्बलाच्या शहिदांसाठी हाका मारल्या जात, 'हाय दोस्त', आणि लग्नाच्या वेषातच रणात गेलेल्या कासिमसाठी 'दुल्हा'. दख्खनच्या मुसलमानांच्या चालीरीतींवर जाफर शरीफ यांनी लिहिलेला ग्रंथ हर्कलॉट्स या डॉक्टरानं 1832 मध्ये इंग्रजीत आणला, त्यात या हाका नोंदलेल्या आहेत. त्या 'हाय दोस्त'चा झाला हैदोस आणि 'दुल्हा'सकट झाला हैदोसदुल्ला. 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश ऐकणाऱ्या गोऱ्या शिपायांनी त्याचं 'हॉब्सन-जॉब्सन' केलं, म्हणजे एतद्देशीयांचा सणाचा गलका. आणि यूल व बर्नेल यांनी 1886 मध्ये आपल्या प्रसिद्ध कोशाला तेच नाव दिलं. मित्राच्या मरणासाठी फोडलेला टाहो, आणि आज आपण तो शब्द टवाळ पोरांसाठी वापरतो. मला ते सलतं.

कंदुरीचं तसं झालं नाही. ती पसरली, पण जेवणापाशी राहिली. तामिळनाडूत नागोरला शाहुल हमीद यांचा दर्गा आहे, तिथल्या उरुसालाच कंदूरी म्हणतात. तिथले तामिळ मुसलमान व्यापारी गलबतांतून पूर्वेला गेले. पिनांगला आणि सिंगापूरला त्यांनी नागोरच्या नावाचे दर्गे बांधले, सिंगापूरचा 1828 ते 1830 च्या दरम्यानचा. मलय भाषेत आज 'केंदुरी' म्हणजे कुठलंही गावजेवण, लग्नाचं, बारशाचं, मयताचंही. सुमात्राच्या टोकाला आचे नावाचा प्रांत आहे. तिथले शेतकरी भाताच्या लावणीआधी शिवारात जमून एकत्र जेवतात, त्याला 'खंदुरी ब्लांग' म्हणतात. ब्लांग म्हणजे भातखाचर. शिवारात, गावानं मिळून, पिकासाठी. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ मन्याडकाठच्या चिंचेचा विचार करत बसलो.

आणि माझ्या आजोळचाही. आजोळ औशाकडचं, सगळं घर माळकरी, कंदुरीचं नाव काढायची सोय नाही. पण मार्गशीर्षातल्या अमावास्येला, येळवसेला, तेच घर शेतात उतरायचं. कडब्याची कोप, आत पांडवांचे दगड, चुन्यानं रंगवलेले. भज्जी, उंडे, आंबील, खीर. शेत नसलेल्यांना आदल्या दिवशी निरोप जायचा. लातुरात त्या दिवशी बाजारपेठ ओस पडते, सरकारी स्थानिक सुट्टीसुद्धा असते. येळवस हा शब्दही बाहेरून, शेजारच्या कन्नडातून आलेला, 'एळ्ळ अमावास्ये', तिळाची अवस. मामा म्हणायचा, "तुमची ती कंदुरी, आमची ही." मटणाचा भाग सोडला तर मला दोन्हींत फरक सापडलेला नाही.

आता कंदुरीला दोन्हीकडून विरोध आहे. मुलाणीचाचांचा नातू नांदेडला राहतो, नमाजी आहे. पिराला नवस बोलणं त्याच्या मते धर्माला धरून नाही, आणि त्यानं ते मला अदबीनं, पुरावे देऊन समजावलं. इकडे आमच्यातली काही पोरं म्हणतात, पिराला कशाला जायचं. आणि तिसरीकडे निवडणूक. मतदानाआधीचे आठ दिवस शेतोशेत पेटलेल्या चुली, फुकटची दारू, डीजे, डबे भरभरून घरी नेलेलं मटण, यालाही लोक कंदुरीच म्हणतात. बोलावणारा ज्या माणसाकडून मत हवं त्यालाच बोलावतो. असल्या जेवणाला मी जात नाही. शब्द वापरणाऱ्यांशी माझं भांडण नाही, खोलीवर चिकन शिजवणाऱ्या पोरांशी तर मुळीच नाही. ती निदान शेजारच्या खोलीतल्यांना हाक मारतात.

मागच्या महिन्यात पुतण्याला नोकरी लागली. त्याला कंदुरी करायची आहे, नवस वगैरे काही नाही. मी त्याच्याशी तासभर बोललो. डीजे नको, हे त्यानं मान्य केलं. आई, काकू, बहिणी सगळ्या काठावर येऊन पंगतीला बसतील, हे त्याच्या बायकोनं आधीच ठरवून टाकलं होतं. माळकऱ्यांसाठी वेगळ्या चुलीवर गोड भात. मुलाणीचाचांच्या नातवाला फोन मीच केला. नवसाचं असेल तर येणार नाही, असं तो म्हणाला. नोकरीची दावत आहे म्हटल्यावर म्हणाला, सुरी घेऊन येतो, पण येसर आजोबांच्या हिशेबानं पडलं पाहिजे, तुमच्या पोरांना मूठ कळत नाही. रविवार ठरला आहे. देगेला कल्हई करायची आहे, आणि कल्हईवाला आता लोह्याच्या बाजारातच मिळतो.